पाळी कुणाची? निपाणी ते जोयडा, सहा दिवस

या वाटेवर जायचं तर जानेवारीचा पहिला आठवडा धरावा. भात निघून गेलेलं असतं, त्याच वाफ्यांत मसूर आणि वाटाणा उभा असतो. नदीवरचे बंधारे अडवलेले असतात, घाटमाथ्यावरचे झरे बारीक का होईना पण वाहत असतात आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयड्यात कंद निघू लागलेले असतात. बेळगाव जिल्ह्यातल्याच अथणीकडे वर्षाला सहाशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. बेळगाव शहरात साधारण तेराशे पडतो आणि तिथून जेमतेम पन्नास किलोमीटरवरच्या कणकुंबीला त्याच्या तिपटीहून जास्त. पाऊस बदलला की पाणी राखायची रीतही बदलते. एक शब्द मात्र सगळीकडे ऐकू येतो, तो म्हणजे पाळी. पाणी घेण्याची पाळी असते तशी पाणी राखण्याचीही असते आणि या प्रवासात आम्ही मुख्यतः ही दुसरी पाळी बघत फिरलो.

पहिला दिवस : निपाणी, वेदगंगेचा काठ

जत्राट-भिवशी, अकोळ-सिदनाळ, कारदगा-भोज ही नावं सीमाभागातल्या माणसाला दर जुलैत ऐकू येतात, कारण पहिल्या मोठ्या पुरात वेदगंगा-दूधगंगेवरचे हे बंधारे पाण्याखाली जातात आणि वाहतूक बंद पडते. हिवाळ्यात त्यांचं खरं काम दिसतं. हे कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे. दगडी खांबांच्या दोन्ही अंगांना उभ्या खाचा असतात, त्यांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवून पाणी अडवायचं आणि पावसाळ्याआधी ते काढून नदी मोकळी करायची. पक्का बंधारा गाळाने भरतो. हा भरत नाही, कारण पुराचं पाणी गाळ घेऊन खांबांमधल्या मोऱ्यांतून थेट निघून जातं.

जुन्या पद्धतीत लाकडी बरग्यांच्या दोन रांगा असतात आणि मधल्या पोकळीत चिकणमाती. परतीचा पाऊस सरला, नदीचा जोर उतरला की ऑक्टोबरअखेर काम सुरू होतं. आधी खाचा साफ करायच्या. पुरात अडकलेल्या फांद्या, प्लॅस्टिक, वाळू सगळं निघालं पाहिजे. सगळ्यात महत्त्वाचा तळाचा पहिला बरगा. तो उंबऱ्यावर सपाट बसला तर वरचे नीट बसतात. दोन्ही रांगा बरोबरीने चढवायच्या आणि माती ओलसर करून थराथराने ठोकायची. कोरडी ढेकळं टाकली तर आत पोकळी राहते आणि आठ दिवसांत धार लागते. आता बऱ्याच ठिकाणी लोखंडी बरगे आणि रबरी पट्टी आली आहे. काम झटपट होतं, पण पट्टी उन्हाने कडक झाली की गळती लागते. लोखंड भंगारात विकलं जात असल्याने बरगे चोरीला जातात तो भाग वेगळाच.

एका मोरीखालून हाताच्या मनगटाएवढी धार पडत होती. "खडा राहिलाय बघा तिथं तळाला, म्हणून पाणी जाऊलंय," काठावर वैरण कापणाऱ्या एका मामांनी दाखवलं. एवढ्याशा खड्यासाठी आता वरचे सगळे बरगे काढावे लागतील, म्हणून कुणी हात घालत नाही. फेब्रुवारीत वरच्या अंगाच्या मोटारी उघड्या पडल्या की मग धावाधाव होते.

बरगे काढण्याची तारीख चुकली तर नुकसान याहून मोठं. वळवाच्या पावसाने नदी अचानक फुगते, बरगे अडकून बसतात आणि पाणी बंधाऱ्याच्या बगलेने वाट काढतं. काठाची माती खचते, शेजारचं अर्धा-पाऊण एकर रान नदीत जातं. म्हणून मेअखेर बरगे निघालेच पाहिजेत. पण ज्याची मोटार शेवटच्या पाण्यावर चालते तो थांबा म्हणतो आणि ज्याचं रान बगलेला आहे तो काढा म्हणतो. या दोघांना एका जागी बसवून तारीख ठरवणारं गावात कुणी उरलं आहे का, त्यावर बंधाऱ्याचं आयुष्य ठरतं.

खाली ऊसपट्ट्यात दुसरा प्रश्न आहे, क्षारपड जमिनीचा. सततच्या पाटपाण्याने पाण्याची पातळी वर येते, माती पांढरी पडते, ऊस पिवळा राहतो. उपाय माहीत आहे. तीन-चार फूट खोल सच्छिद्र पाइप, भोवती गाळणीचं कापड, ओढ्याकडे उतार. पण एकट्याने पाइप घालून भागत नाही, पाणी शेजाऱ्याच्या रानातूनच ओढ्याला न्यावं लागतं. वीस जणांनी मिळून मुख्य चर काढली तरच प्रत्येकाचा पाइप वाहतो. नाहीतर पाणी पाइपातच तुंबून राहतं.

दुसरा दिवस : बेळगाव, भाताचं शिवार

शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर. शहराच्या दक्षिण अंगाला राजहंसगडाच्या पायथ्यापर्यंत पसरलेलं काळ्या मातीचं हे शिवार म्हणजे पावसाळ्यात अक्षरशः पाणथळ. जून ते ऑक्टोबर वाफ्यांत पाणी उभं असतं, पहिल्या पावसात चढणीचे मासे बांधांच्या दारांतून वर येतात, बगळे आणि पाणकोंबड्या मागोमाग. भात कापल्यावर त्याच ओलीवर मसूर पेरतात. वरून एक थेंब पाणी द्यावं लागत नाही. बेळगावच्या मसुरीची चव या मुरलेल्या ओलीतून येते, असं इथले शेतकरी सांगतात आणि आम्हालाही ते पटतं.

पण २०१७ च्या पाणथळ जागांच्या केंद्रीय नियमांत भातशेती धरलेलीच नाही. नदीचं पात्र, भाताची शेतं, पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसाने बांधलेले तलाव हे सगळं त्या व्याख्येतून वगळलं आहे. म्हणजे पाणथळ म्हणून या शिवाराला कायद्याचं छत्र नाही. त्याला राखतो तो बांध आणि बांधाला हात लावणारा माणूस.

बांधाची कामं बारीक असतात. खेकड्याचं बीळ बाहेरून लिंपून उपयोग नाही. ते तोंडापासून आतवर खोदून काढायचं आणि चिकणमातीने ठासून भरायचं, नाहीतर पाणी आतून दुसरं तोंड शोधतं. वाफ्याचं दार वरच्या वाफ्याच्या दारासमोर ठेवायचं नाही, तिरकं ठेवायचं, म्हणजे पाणी सगळ्या वाफ्यात फिरून उतरतं. दाराखाली दगड किंवा गवताची पेंढी ठेवली नाही तर पडत्या पाण्याने खड्डा पडतो आणि बांध तिथेच फुटतो.

या शिवाराचा घसा म्हणजे बळ्ळारी नाला. शहराचं सांडपाणी, कचरा आणि जलपर्णी यांनी तो भरला की पावसाळ्यात पाणी मागे सरतं आणि उभं भात दिवसेंदिवस बुडून राहतं. भात चार-पाच दिवसांचं बुडणं सोसतं, त्यापुढे कुजायला लागतं. पाणी उशिरा उतरलं तर मसुरीची पेरणीही हुकते. जलपर्णी काढण्याची रीत सोपी आहे, पण ती पाळली जात नाही. खालच्या टोकापासून वर काढत जायचं आणि काढलेली काठावर न ठेवता लांब न्यायची. काठावरचा ढीग पहिल्या पावसात परत नाल्यात जातो आणि एक तुकडा उरला तरी महिन्याभरात पात्र झाकतं. भराव टाकून रस्ते आणि प्लॉट पडतात तिथे तर नाला साफ करूनही फरक पडत नाही, कारण पाणी पसरायची जागाच गेलेली असते. पसरायची जागा विकून वाहायची जागा साफ करत बसायचं, हे इथल्या शेतकऱ्यांचं दुखणं आहे आणि ते रास्त आहे.

संध्याकाळी टिळकवाडीतली काँग्रेस विहीर. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली झालेल्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली. विहीर वापरात असली की स्वच्छ राहते, उपसा थांबला की कचराकुंडी होते. शंभर वर्षांच्या या विहिरीजवळ उभं राहिलं की एवढंच मनात येतं.

तिसरा दिवस : खानापूरच्या पूर्वेकडची तळी

खानापूर म्हणजे मातीचं गाव. कौलं, विटा, कुंभारकाम, खादी-ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्थाही इथेच. पूर्वेला बिडी गावाकडे जाऊ लागलं की जंगल विरळ होतं आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना गावतळी दिसू लागतात. आजचा दिवस एका तळ्यावर पुरता घालवायचा.

तळ्याची अंगं चार. पाणी आणणारा ओढा, मातीचा बांध, शेताला पाणी सोडणारी मोरी (कानडीत तूबू, आणि मराठी बोलणारेही तोच शब्द वापरतात) आणि जादा पाणी काढून देणारी कोडी, म्हणजे सांडवा. चारांपैकी एक बिघडलं की बाकीची तीन वाया जातात. बिघाड बहुधा कोडीपासून सुरू होतो. जास्त पाणी साठावं म्हणून कुणीतरी कोडीवर वाळूची पोती रचतं किंवा मासेवाला जाळी बांधतो. जाळीत पालापाचोळा अडकला की कोडी बंद. मग मोठ्या पावसात पाणी बांधावरून जातं आणि मातीचा बांध वरून पाणी सोसत नाही, तासा-दोन तासांत कापला जातो. कोडीची पातळी आणि बांधाचा माथा यांत निदान तीन-चार फुटांचं अंतर हवं. बैलगाडी-ट्रॅक्टरच्या वाटेने बांध जिथे दबलेला असतो तिथे हे अंतर सगळ्यात कमी असतं, तेव्हा मोजायचं ते तिथे.

बांधावर झाड लावू नये हे सांगितलं की लोक चकित होतात. पण वड-पिंपळाची मुळं बांधात शिरतात, झाड मेलं की मुळं कुजतात आणि त्या नळीतून पाणी झिरपतं. घुशी, साळिंदर आणि वारूळ यांचंही तेच. बाहेरच्या उतारावर हरळी आणि पायथ्याला वाळा, एवढं पुरे. पायथ्याला स्वच्छ पाण्याचा पाझर असेल तर भिऊ नये. पाझर गढूळ झाला तर मात्र बांधाची माती वाहते आहे असं समजून त्याच दिवशी पाणी उतरवायला घ्यावं.

गाळ काढण्याचा हिशेब सगळ्यांनी डोक्यात ठेवण्यासारखा आहे. एक एकर तळं एक फूट खोल केलं तर निघतो ४३,५६० घनफूट गाळ, म्हणजे साधारण ४३५ ब्रास (शंभर घनफुटांचा एक ब्रास). पाणी वाढतं सव्वाबारा लाख लिटर. तोच गाळ शेतात दोन इंच जाडीने पसरला तर सहा एकरांना पुरतो. लाल, मुरमाड रानाला तो सोनं आहे. काळ्या, निचरा न होणाऱ्या रानात टाकू नये, निचरा आणखी बिघडतो. मार्च-एप्रिलमध्ये तळ आटला की काम सुरू करावं आणि वळवाआधी संपवावं.

खोदायचं कुठे, यावरून कामं फसतात. बांधाच्या पायथ्यापासून निदान तीस-चाळीस फूट सोडायचे. गाळाखालची चिकण थर फोडून मुरुमाला लागलं की तळं चाळणी होतं. पोकलेन भाड्याने घेतलं की तासाचा दर डोक्यात असतो, चालक खोल आणि उभं खोदतो आणि थर तिथेच फुटतो. म्हणून आधी चार-पाच ठिकाणी हाताने खड्डे घेऊन गाळाची जाडी बघायची आणि तेवढ्यावर खुणेच्या काठ्या रोवायच्या. काठही उभे कापू नयेत. म्हशीला उतरायला आणि पक्ष्यांना चरायला उताराचा काठ लागतो. कमळपक्षी, तुतवार, बगळे हे गुडघाभर पाण्याचे मानकरी. चारी बाजूंनी दगडी भिंत आणि वर फिरायचा रस्ता केला की तळ्याची टाकी होते.

मोरीवरच्या माणसाकडे पाळीची वही असते किंवा नुसती तोंडी यादी. पाळी शेवटच्या शेतापासून सुरू केली तर पाणी टोकापर्यंत पोचतं. वरून सुरू केली तर वरचा दोनदा घेतो आणि खालचा रात्रभर जागून कोरडाच राहतो. मासेमारीचा लिलाव झाला की नवं भांडण. ठेकेदाराला पाणी हवं, शेतकऱ्याला सोडायला हवं. लिलावाच्या कागदावरच अमुक पातळीखाली पाणी उतरवलं जाईल असं लिहिलेलं असलं तर तंटा होत नाही. कर्नाटकात तलावांसाठी २०१४ साली वेगळा कायदा झाला, तलावाची हद्द मोजून अतिक्रमण काढायची तरतूद त्यात आहे. पण मोजणी मागायला उतारा आणि नकाशा घेऊन कुणीतरी जावं लागतं, आणि तळ्याच्या पोटात उन्हाळी काकडी लावणारा बहुधा गावातलाच असतो. हे अवघड काम पावसाळ्यात करू नये. उन्हाळ्यात, तळ उघडा असताना, सगळ्यांच्या देखत हद्दीचे दगड घालावेत.

चौथा दिवस : जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याची कड

जांबोटी सोडली की रस्ता चढतो आणि जांभ्याचे सडे, म्हणजे सपाट दगडी पठारं, सुरू होतात. वरून उजाड दिसणारा हा काळपट दगड आतून छिद्राछिद्रांचा असतो. पावसाळ्यात सडा पाणी पितो आणि खालच्या घट्ट थरावर ते पाणी टेकलं की कडेने झरे फुटतात. कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते. इथलं पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातं. थोडं पलीकडे पडलेलं पाणी म्हादईतून अरबी समुद्राला. मधे फक्त एक सडा.

म्हादईच्या पाण्यावरून कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र यांच्यात लवाद बसला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा आला. कर्नाटकाला एकूण १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यात मलप्रभेत वळवायला कळसा नाल्याचे १.७२ आणि भांडुरा नाल्याचे २.१८. हुबळी-धारवाडला पिण्याचं पाणी हवं हे खरं. पण ज्या सड्यावर ते पाणी मुरतं, ज्या गावांनी झरे जिवंत ठेवले, त्यांचं म्हणणं या आकड्यांत कुठे दिसत नाही. खानापूरच्या जंगलाला कात्री लागली तर मलप्रभेचाच उगम आटेल, हा इथल्या लोकांचा मुद्दा नदीशास्त्राच्या कसोटीवर उतरतो आणि तो ऐकला गेलाच पाहिजे.

झऱ्याचं मोजमाप कुणालाही करता येतं. दहा लिटरची बादली धारेखाली धरायची आणि घड्याळ बघायचं. चाळीस सेकंदांत भरली तर मिनिटाला पंधरा लिटर, दिवसाला एकवीस हजार सहाशे. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला मोजून भिंतीवर खडूने लिहिलं तरी चालतं. दोन-तीन वर्षांच्या नोंदीतून झरा कधी खालावतो ते कळतं आणि वरच्या सड्यावर काय बदललं याच्याशी ते ताडून बघता येतं. झऱ्याच्या तोंडाशी सुरुंग, बोअर किंवा सिमेंट नको. दगड हलला की पाणी आतल्या आत दुसरीकडे वळतं आणि परत येत नाही. साफसफाई हातानेच करावी, टाकी बांधायची ती तोंडापासून काही फूट खाली.

सड्यावर सगळ्यात मोठा घाव चिऱ्यांच्या खाणीचा. चिरे कापले की मुरणारा थरच उचलला जातो. वर वरकस, पडीक जमीन अशी नोंद, म्हणून परवानगी सहज मिळते. प्रत्यक्षात ऑगस्ट-सप्टेंबरात इथे फुलांचा गालिचा असतो आणि ओल्या मातीत देवगांडूळ राहतात. गांडुळासारखा दिसणारा हा बिनपायाचा उभयचर आहे. त्याची एक जात २००७ साली याच चोर्ला परिसरातून नव्याने नोंदली गेली आणि तिला म्हादईचंच नाव दिलं. घरामागच्या शेणखताजवळ सापडणारा हा जीव लोक साप समजून मारतात. तो विषारी साप नाही, माणसाला काही करत नाही, उचलून ओल्या पाल्यात सोडून द्यावं.

वाटेत देवाच्या राया, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली रानं, लागतात. जांभूळ, अंजनी, किंजळ, हिरडा, वर चढलेली गारंबी. आत कोयता न्यायचा नाही, वाळलेली फांदीही उचलायची नाही. या धाकानेच झरे झाकलेले राहिले. आज रायांना धोका चोरापेक्षा भक्तीचाच जास्त आहे. जीर्णोद्धार निघतो, स्लॅबचं देऊळ, फरशीचं अंगण, गाड्या उभ्या करायला जागा. चार मोठी झाडं गेली की ऊन आत येतं आणि उन्हाबरोबर रानमोडी आणि घाणेरी शिरतात. देऊळ बांधायचंच असेल तर जुन्या जोत्यावर बांधावं आणि वाहनं रायीच्या बाहेर ठेवावीत. रायीतला पाला झाडून जाळू नये, कारण रोपं त्या पाल्यातूनच उगवतात. सप्टेंबरात रानमोडी फुलायच्या आधी मुळासकट उपटावी. कापली तर दुप्पट फुटते.

पाचवा दिवस : हेम्मडगा, भीमगडची गावं

भीमगड अभयारण्य डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. म्हादईचा उगम देगावजवळ, याच जंगलात. बारापेडे गुहांत राहणारं राटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ १९१३ साली शास्त्राला माहीत झालं आणि जवळजवळ नव्वद वर्षं जगात फक्त इथेच आहे असं मानलं जात होतं. पुढे ते मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. गुहेकडे परवानगीशिवाय जायचं नाही आणि परवानगी असली तरी आत मशाल, धूर, गोंगाट नाही. दचकून उडालेली मादी पिल्लू टाकते.

या जंगलात आमगाव, देगाव, गवाळी, पास्टोली, कोंगळा, कृष्णापूर, मेंडील अशी गावं आहेत. मराठी बोलणारी कुटुंबं, गवळी धनगरांचे वाडे. रस्ता आणि पूल नाहीत म्हणून पावसाळ्यात आजाऱ्याला बांबूच्या डोलीतून काढावं लागतं. तळेवाडीच्या कुटुंबांनी पुनर्वसन स्वीकारलं, बाकी गावांत मतं वेगवेगळी आहेत. जायचं की राहायचं हा त्यांचा निर्णय, पण तो घेण्याआधी हक्काचा कागद हातात असावा. म्हणून जंगलात राहणाऱ्यांचे हक्क नोंदवणाऱ्या वनहक्क कायद्याचं काम इथे सविस्तर सांगतो.

कायदा २००६ चा, नियम २००८ चे, दुरुस्ती २०१२ ची. सुरुवात ग्रामसभेपासून होते. ती दहा ते पंधरा जणांची वनहक्क समिती निवडते, त्यात निदान एक तृतीयांश बाया. अनुसूचित जमाती असतील तिथे दोन तृतीयांश जागा त्यांच्या. सभेला निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया, नाहीतर ठराव वरच्या समितीत पडतो. पाच-सहा वस्त्यांची मिळून पंचायतीत सभा घेतली की ही संख्या भरत नाही. वस्तीवरच सभा घ्यावी, जुन्या वस्तीला गाव धरण्याची तरतूद कायद्यात आहे.

अर्ज तीन. नमुना 'अ' वैयक्तिक, कमाल चार हेक्टर. 'ब' सामूहिक हक्कांचा, म्हणजे चराई, मध, पाणवठे. 'क' सामूहिक वनसंसाधनाचा, म्हणजे परंपरेने वापरत आलेलं जंगल राखायचा आणि त्याचं व्यवस्थापन करायचा हक्क. बहुतेक गावं 'अ' भरून थांबतात आणि इथेच मोठी चूक होते, कारण ओढा, राय, गवताचं माळ हे सगळं 'क' मध्ये येतं. 'क' साठी हद्द पायी फिरावी, शेजारच्या गावाचे दोघे बरोबर घ्यावेत, ओढा, कडा, जुना दगड अशा खुणांनी नोंद करावी आणि शेजारच्या गावाची सही त्याच दिवशी घ्यावी. नंतर मागितली की मिळत नाही.

गवळी धनगर कर्नाटकात अनुसूचित जमातीत नाहीत, म्हणून त्यांना 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा वास दाखवावा लागतो. दावे इथेच कोसळतात. खरं तर नियमात निदान दोन पुरावे मागितले आहेत आणि ते फक्त कागदीच हवेत असं नाही. जुनं गॅझेटियर, जनगणना, नकाशा, वंशावळ चालते. जुनी विहीर, दफनभूमी, देवस्थान, घराचं जोतं चालतं. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबही चालतो. आज्जी-आजोबा हयात आहेत तोवर हे जबाब घेऊन ठेवणं, हे या जंगलातलं सगळ्यात तातडीचं काम आहे. दावा नाकारला तर लेखी कारण मागावं आणि साठ दिवसांच्या आत वरच्या समितीकडे जावं. तोंडी "झालं नाही" म्हटलं की लोक घरी जातात आणि मुदत निघून जाते.

दुपारनंतर जाळरेषांचं काम बघितलं. पाला वाळला की वाटेच्या दोन्ही अंगांनी पट्टा झाडून पहाटे, वारा पडलेला आणि दव असताना, तो जाळून घेतात. ऊन चढल्यावर पेटवलेली जाळरेष हाच वणव्याचा उगम होतो. वारा कुठून फिरतो हे वाड्यावरच्या माणसाला माहीत असतं, म्हणून ज्या टोळीत गावचे दोघे असतात तिथली रेष सहसा हाताबाहेर जात नाही.

सहावा दिवस : जोयडा

लोंढा, रामनगर करून जोयडा. सुपा धरण १९८७ साली पूर्ण झालं, जुनं सुपा गाव काळी नदीच्या पाण्याखाली गेलं आणि तालुक्याचं ठाणं इथे आलं. भोवती काळी व्याघ्र प्रकल्प. कुणबी या डोंगरांतले जुने रहिवासी. गोव्यातल्या कुणब्यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, सरहद्दीच्या अलीकडे राहिलेल्या त्यांच्याच सोयऱ्यांना नाही. कर्नाटकातल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दींना तो उत्तर कन्नडात २००३ ला मिळाला आणि बेळगाव-धारवाडच्या सिद्दींना २०२० पर्यंत थांबावं लागलं.

जानेवारीत इथे कंदांचा मेळा भरतो. मुडली, कोन, कणगी, करांदे, सुरण. मुडली हा अळूच्या जातीचा, मांडीएवढा जाड कंद. तो परसात आणि ओढ्याकाठच्या तुकड्यात होतो, जंगल तोडावं लागत नाही. पाऊस लागायच्या आधी खड्ड्यात पालापाचोळा, शेणखत आणि चुलीची राख घालून लावतात, वर मातीचा ढीग. पाणी साचलं की बूड कुजतं, म्हणून ढिगाभोवती बारीक चर हवीच. रानडुकरं आणि साळिंदर माग काढत येतात. काटेरी फांद्यांचं कुंपण एक मोसम टिकतं, पुढच्या वर्षी नवं करावं लागतं. म्हणून शेजारी-शेजारी लावलेल्या ढिगांची राखण आळीपाळीने होते.

मध काढताना सातेरी मधमाशीच्या पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापायचा, अंड्या-पिल्लांचा पट्टा जागेवर ठेवायचा आणि ढोलीचं तोंड दगडाने पूर्वीएवढंच बारीक करायचं. मोठं राहिलं तर अस्वलाचा पंजा आत जातो आणि वसाहत उठते.

मेळ्यात मुडली विकत घ्यायची तर कोवळी नको, बूड घट्ट आणि माती सुकलेली बघावी. शिजवताना आमसूल किंवा चिंच घातलीच पाहिजे, नाहीतर घशाला खाज सुटते. आणि वरचा टोकाकडचा चार बोटं भाग कापून वेगळा ठेवावा. तो खायचा नसतो. राखेत घोळून, सावलीत कोरड्या मातीवर टेकवून ठेवला की मे महिन्यात त्याला हिरवा कोंब येतो.